पिठाच्या नावावर मांडलेलं रक्त

चिंचवाडी, ता. दिंडोरी
२० ऑगस्ट २०२४

हर्षाली,

आशीर्वाद आधीच देऊन ठेवते, पुढे शिव्याच आहेत.

फोन कानाला लावला की मला नुसती घरघर ऐकू येते, आणि तू तिकडून "आजी, ऐकू येतंय का" एवढंच विचारत राहतेस. म्हणून पत्र. मी बोलतेय, तुझी रोहिणी मामी लिहितेय. अंगणवाडीत पोरांना अक्षरं शिकवून तिला सवय लागलीय, माझं 'हाय' ती 'आहे' करून टाकते. म्हटलं कर बाई, पुण्याला जायचंय तर पत्राने नीट नेसून जावं.

तू औषधांच्या परीक्षांचे हिशेब करतेस असं तुझी आई सांगते. मला वाटायचं, मेडिकलच्या दुकानात गल्ल्यावर बसतेस. आता तुझ्या धंद्यातल्या लोकांनी मलाच धरलंय. नाशिकच्या एका हॉस्पिटलात गुडघेदुखीच्या नव्या गोळीची ट्रायल चालू आहे. आमच्या जुन्या टोळीतल्या सहाजणी त्यात आहोत, आपली लताबाईसुद्धा. द्राक्षाच्या छाटणीला आणि माल काढायला आम्ही सोबत जायचो, मी मुकादमीण. बागा सुटल्या, गुडघे राहिले. आता दर पंधरा दिवसांनी दारात गाडी येते आणि आम्हाला पंचवटीतून मिरवत हॉस्पिटलात नेते.

तिथे राकेश नावाचा एक पोरगेला कोऑर्डिनेटर आहे. त्याच्याकडे चेहरे काढलेला कागद आहे. पहिला चेहरा हसतोय, शेवटचा रडतोय.

"आजी, तुमचं दुखणं यातलं कोणतं?"

"यात एकही बाईमाणूस नाही," मी म्हटलं.

मग तो म्हणाला, शून्य ते दहा आकडा सांगा. मी आठ सांगितले तर त्याचं तोंड उतरलं. पुढच्या वेळी चार सांगितले तर त्याने चहा मागवला. आता मी चारच सांगते. अंगठा द्यायच्या आधी कॅमेऱ्यासमोर विचारलं, सगळं समजलं का. समजलं म्हटलं. जेवण थंड होत होतं.

समजलं ते एवढंच. अर्ध्या बायकांना औषध, अर्ध्यांना पिठाची गोळी, दिसायला एकसारखी. कोणाला काय, ते मला माहीत नाही, राकेशला नाही आणि मोठ्या मॅडमनाही नाही. भिंतभर पदव्या टांगलेल्या बाईला आपण काय देतोय ते ठाऊक नाही, आणि हे ती मान वर करून सांगते. आमच्या बागेत फवारणीवाल्याने असं सांगितलं असतं तर त्याला पंपासकट हाकलला असता.

तुझा हाच धंदा का? तसं असेल तर दुसऱ्या कोणाला सांगू नकोस, लग्न व्हायचंय तुझं.

आजी

•

पुणे
२९ ऑगस्ट २०२४

प्रिय आजी,

शिव्या पोचल्या. माझा हाच धंदा.

मॅडमना मुद्दाम कळू देत नाहीत. लताबाईंना औषध आहे हे त्यांना कळलं, तर लताबाई नुसत्या खुर्चीतून उठल्या तरी त्यांना प्रगती दिसेल. आणि तुला पीठ मिळतंय हे तुला कळलं, तर तू उद्यापासून गाडीत बसणार नाहीस, उलट राकेशला त्याच पिठाची भाकरी करून घालशील. कोणाला माहीत नसलं म्हणजे निदान दुखण्याचा आकडा कोणी लाडाने सांगत नाही. (तू सांगतेस. चहासाठी. हे वाचून माझ्या ऑफिसात दोघेजण डोकं धरून बसले असते.)

पण कोणीच बघत नाही असं नाही. डॉक्टरांपासून वेगळी, कंपनीपासून वेगळी अशी एक सुरक्षा समिती असते. तिच्यासमोर दोन्ही बाजूंचे तक्ते ठेवतात. औषधाच्या बाजूला कोणाकोणाचं काय बिघडलं, पिठाच्या बाजूला काय बिघडलं. औषधाच्या बाजूला इजा जास्त दिसायला लागली की समिती ट्रायल थांबवू शकते. ते तक्ते माझ्यासारखी माणसं बनवतात. तुझ्या गोळीचे मी बनवत नाही, माझ्याकडे दुसरी औषधं आहेत.

तेव्हा दुखणं खरं सांग. पोट, चक्कर, उलटी, काहीही झालं तर राकेशला सांग. त्याचं तोंड उतरलं तर उतरू दे.

तुझी,
हर्षाली

•

चिंचवाडी
१८ सप्टेंबर २०२४

हर्षाली,

तुझं पत्र रोहिणीने दोनदा वाचून दाखवलं. सुरक्षा समिती म्हणजे जी कधी येत नाही ती माणसं, एवढं कळलं. आमचा गुडघा बघणार नाहीत, आमचं तोंड बघणार नाहीत, कुठेतरी पंख्याखाली बसून कागद बघणार. अगं, म्हैस घ्यायची तरी माणूस दावणीपर्यंत येतो.

आम्हाला नको तुझी समिती. पहिल्या महिन्यात लताबाई टुणटुणीत आणि बाकीच्या तशाच लंगडत, असा अन्याय होता. आता तसं नाही. आता सहाहीजणी सारख्याच बऱ्या आहोत. कशा, ते विचारू नकोस. आम्ही टोळी चालवलीय, तुमच्यासारखे कागद नाही.

फक्त माझी धाकटी जाऊ, तुझी सगुणा आजी, तिचं नेहमीचं चालू आहे. तिला या घरात आल्यापासून सगळ्यांपेक्षा जास्त व्हायला लागतं. जेवणावर वासना नाही, छातीखाली आग होते. परवा उलटी केली आणि अर्धी आळी बघायला बोलावली. मी म्हटलं, "सगुणे, त्या राकेशला सांगून तुझ्यासाठी वेगळा चेहरा काढून घेते, या कागदावर तू मावत नाहीस." राकेशला सांगते म्हणत होती. मी सांगू दिलं नाही. तिला काढतील, मग आमच्याकडे बघायला लागतील.

आजी

(हर्षाली, हे आत्याबाईंनी सांगितलेलं नाही. सगुणाबाईंची उलटी कॉफीच्या गाळासारखी काळी होती. आणि आत्याबाईसुद्धा अर्धी भाकरी ताटात टाकतात, पोट दाबून बसतात. संडासला काळं होतं, हे मी बघितलं. विचारलं तर म्हणाल्या, "तू कणीक मळ." — रोहिणी)

•

पुणे
२४ सप्टेंबर २०२४

प्रिय आजी,

मामीचा फोन आला. सगुणा आजीला नाशिकला दाखल केल्याचं आणि रक्त चढवत असल्याचं कळलं. एवढं झालं की हॉस्पिटलला ते लगेच वर कळवावं लागतं. आणि जिवाचा प्रश्न असला तर कोणाला औषध होतं आणि कोणाला पीठ, ते डॉक्टर उघडून बघू शकतात. सगुणा आजीच्या शेखरमामाला सांग, त्याने मॅडमना ते विचारावं.

तुझं पोट कसं आहे? खरं सांग.

हर्षाली

•

चिंचवाडी
३० सप्टेंबर २०२४

हर्षाली,

माझ्या पोटाचं पुण्याला कसं कळलं? मागचं पत्र मी सांगून संपवलं तेव्हा कागदाचा खालचा भाग कोरा होता. पाकिटात जाताना तो तळापर्यंत भरला होता. मला अक्षर येत नाही, पण कोरं आणि काळं कळतं. रोहिणी आता मान खाली घालून लिहितेय. लिही, लिही.

पोट ठीक आहे.

आता तुझ्या शास्त्राची मजा ऐक. शेखर मॅडमच्या अंगावर गेला, "माझ्या आईला काय चारलंत ते सांगा." मॅडमनी कॉम्प्युटर उघडला, कुठेतरी फोन केला, परत कॉम्प्युटर बघितला. मग चष्मा काढून म्हणाल्या, "शेखर, तुमच्या आईला औषध नव्हतंच. पिठाची गोळी होती. तेव्हा आमच्या औषधाचा संबंध नाही." शेखर एवढा मोठा गडी, पण पिठाशी भांडायचं कसं?

म्हणजे तुमच्या हिशेबाने सगुणा पीठ खाऊन रक्त ओकली. घरी भाकरी खाते तेव्हा तिला काही होत नाही, हॉस्पिटलचं पीठ तेवढं वाईट. मॅडम म्हणतात मिश्रीमुळे असेल, उपासांमुळे असेल. दुर्बिणीने जखम दिसली, आता कुठे गाठ आहे का ते शोधताहेत. गाठ म्हटल्यावर शेखरच्या बायकोने वॉर्डातच हंबरडा फोडला. रक्त चढवतात, जरा थांबतं, परत सुरू होतं.

राकेश आम्हाला म्हणाला, "घाबरायचं काही कारण नाही, तुम्ही गोळ्या चालू ठेवा." आम्ही घाबरलोच नव्हतो. तोच घाबरलेला दिसत होता.

मी सगुणाला भेटायला गेले. एवढी मोठी तोंडाळ बाई, पलंगावर उशीएवढी उरलीय. मला बघून भिंतीकडे तोंड केलं.

आजी

•

पुणे
३ ऑक्टोबर २०२४

आजी,

एकच विचारते. सगुणा आजीने स्वतःच्या बाटलीतल्याच गोळ्या खाल्ल्या का?

तू लिहिलं होतंस, सहाहीजणी सारख्याच बऱ्या आहोत. ते वाचून मी हसले होते. अर्ध्या बायकांना पीठ असताना सहाच्या सहा सारख्या बऱ्या होत नाहीत. असं तक्त्यात दिसलं असतं तर मी काम थांबवून आधी ते शोधलं असतं. आजीच्या पत्रात दिसलं, तर शेजारच्या टेबलावर वाचून दाखवलं.

उत्तर येईपर्यंत तू एकही गोळी खाऊ नकोस. मामी, हे मोठ्याने वाचा.

हर्षाली

•

चिंचवाडी
७ ऑक्टोबर २०२४

हर्षाली,

तिने मोठ्याने वाचलं. शेजारच्या म्हशीनेसुद्धा ऐकलं.

मग ऐक. माल काढायला गेलो की पेटीत न बसणारे घड बागवाला आम्हाला द्यायचा. कोणाच्या पदरात बरे यायचे, कोणाच्या पदरात सडके. मग टोळीचा रिवाज असा, की सगळं एका फडक्यावर ओतायचं, सारखे ढीग करायचे. एकीने पाठ करून बसायचं. दुसरीने एका ढिगावर हात ठेवून विचारायचं, "हा कोणाचा?" पाठ केलेलीने ढीग न बघता नाव घ्यायचं. ज्याचं नाव, त्याचा ढीग. एवढ्या वर्षांत कधी भांडण नाही.

गोळ्यांचंही तेच केलं. लताबाईच्या बाटलीत खरं औषध आहे हे तिच्या चालण्यावरून आंधळ्यालाही दिसत होतं. गाडीतून सगळ्यांनी एकत्र जायचं, अंगठा सगळ्यांनी द्यायचा, आणि बरं तिने एकटीने व्हायचं, हे कुठलं? मग सगुणाच्या ओट्यावर परातीत सहा बाटल्या ओतल्या. कालवल्या, ढीग केले, सगुणाला पाठ करून बसवलं. तिने नावं घेतली, आम्ही परत बाटल्या भरल्या. राकेश उरलेल्या गोळ्या मोजतो, त्या बरोबर भरायच्या. पोरगा खूश.

तूच सांग, तुम्हीही न बघता वाटता आणि आम्हीही न बघता वाटलं. तुम्ही केलं की शास्त्र, आणि आम्ही केलं की काय?

सगुणा पहिल्या वेळी नको म्हणत होती. "बाई, ज्याची त्याला दिली हाय, आपण कशाला कालवायची?" मी म्हटलं, "मग टोळीतून जा. एकटी खा, एकटी बरी हो." तिने पाठ केली.

आता हे तू हॉस्पिटलात सांग म्हणशील. मी सांगणार नाही. सहाहीजणींना हाकलतील, आणि लताबाईला आता कुठे जिना चढता येतोय. शेखर म्हणेल, मोठ्या काकूने आईला मारलं. बायका म्हणतील, मुकादमिणीने टोळी विकली. आणि सांगायचं कोणाला? ज्या पोराला माझे चार खरे वाटतात त्याला? ज्या बाईला आपण काय दिलं हे कॉम्प्युटरला विचारावं लागतं तिला? तूही कुठे बोलू नकोस.

आजी

•

पुणे
९ ऑक्टोबर २०२४

आजी,

तुला उत्तर पाहिजे ना, तुमच्यात आणि आमच्यात फरक काय? टोळीत घड वाटले की खाल्ले, गोष्ट संपली. कोणाला कोणता गेला हे कोणी विचारत नव्हतं. इथे न बघता वाटतात, पण कोणाला काय गेलं ते लिहून ठेवतात. सगळा खटाटोप त्या लिहून ठेवण्यासाठीच आहे. ते तू खोटं करून टाकलंस. राकेशला गोळ्यासुद्धा मोजून बरोबर दिल्यास, म्हणजे खोटं पकडायची सोयही ठेवली नाहीस.

त्याचं काय झालं ते ऐक. सगुणा आजीने खरं औषध खाल्लं आणि तिचं रक्त पिठाच्या नावावर मांडलं गेलं. सुरक्षा समिती जेव्हा बसेल तेव्हा तिला दिसेल की असं रक्त औषधाच्या बाजूलाही वाहतंय आणि पिठाच्या बाजूलाही. दोन्हीकडे सारखं. म्हणजे औषधाचा दोष नाही. मग ती म्हणेल, चालू द्या. नागपूरला, सोलापूरला, कुठे कुठे तुझ्यासारख्याच बायका ती गोळी खाताहेत. त्यांनी कोणाशी काही कालवलेलं नाही. आणि मॅडम सगुणा आजीच्या पोटात गाठ शोधताहेत, जी बहुतेक नाहीच. जे आहे ते त्यांना तू सांगत नाहीस.

तू राकेशला हसतेस, मॅडमना हसतेस, समितीला हसतेस. हस. त्यातले निम्मे हसण्यासारखेच आहेत, मी रोज त्यांच्यासोबत काम करते. पण त्यांच्या डोळ्यांवर फडकं तू बांधलंस आणि वर त्यांना आंधळे म्हणतेस.

तुझं पोट ठीक नाही. काळं होतंय म्हणजे आतून रक्त जातंय. तुला पिठाचा वाटा आलेला नाही, आजी. तुम्हा कोणालाच आलेला नाही.

सोमवारी सकाळी मी हॉस्पिटलच्या नीती समितीला फोन करणार आहे. ही औषधाच्या कंपनीची माणसं नव्हेत, तुमच्यासारख्यांची बाजू बघायला असतात ती. तुझं नाव घ्यावं लागलं तर घेईन. त्याआधी तू स्वतः गेलीस तर बरं.

हर्षाली

•

नाशिक, हॉस्पिटलातून
१६ ऑक्टोबर २०२४

हर्षाली,

नातीने आजीला दम द्यायचे दिवस आले, हे रोहिणीने फार आवडीने वाचलं. आवाज बारीक केला नाही तिने कुठे.

शनिवारी एसटीने गेले. ती सोबत होती. आधी राकेश भेटला. "आजी, तुमची व्हिजिट पुढच्या आठवड्यात."

"व्हिजिटला नाही आले. सांगायला आले," म्हटलं, आणि परातीपासून सगळं सांगितलं. त्याचा रंग त्याच्या त्या कागदावरच्या शेवटच्या चेहऱ्यासारखा झाला. इकडेतिकडे बघून मला बाजूला घेतलं.

"हे अजून कोणाला बोललात?"

"नातीला."

"आजी, एक काम करू. आजपासून ज्याची त्याने खायची. झालं ते झालं. हे लिहिलं गेलं तर आपलं सेंटर बंद होईल."

"आपलं?" मी म्हटलं. "तुझा कुठला गुडघा दुखतो रे?"

मग मॅडमच्या दारात गेले. रांगेतल्या बायका ओरडल्या, नंबर लावा. मी म्हटलं, माझा नंबर महिन्यापूर्वीच येऊन गेलाय. आत घुसले, खुर्चीत बसले आणि परत पहिल्यापासून सांगितलं. मॅडम आधी हसल्या. त्यांना वाटलं, म्हातारी गोष्ट सांगतेय. फडक्याच्या आणि पाठ करून बसण्याच्या जागी त्यांचं हसू गेलं.

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत?"

"मला कळलंय. तुम्हाला कळावं म्हणून आले."

त्या बाईने मला एक शब्दही सुनावला नाही, हर्षाली. मी तयारी करून गेले होते, सगळी उत्तरं तोंडात होती. त्या उठल्या आणि वॉर्डाकडे धावत सुटल्या. पदर नव्हता म्हणून बरं, नाहीतर पडल्याच असत्या. मी लंगडत मागे. बघते तर सगुणाच्या पलंगाशी उभ्या, आणि उशीखालून काढलेली बाटली त्यांच्या हातात. आमची, परातीतून भरलेली. सगुणा दाखल झाल्यापासून चोरून रोज खात होती.

"का खाल्लीस गं?" मी विचारलं.

ती माझ्याशी बोलली नाही. मॅडमशी बोलली. "तुमीच म्हन्ला, औषधाचा संबंध नाय. पडून पडून गुडघं लय धरलं व्हतं, मग का सोडू?"

मॅडम पलंगाच्या कडेला बसल्याच. रक्त का थांबत नव्हतं ते त्यांना तेव्हा कळलं, आणि मलाही. मी अजून आठ दिवस तोंड मिटून बसले असते, तर सगुणा रोज सकाळी आपल्या हाताने गोळी घेऊन मेली असती, आणि गाठीने मेली म्हणून आम्ही रडलो असतो.

मग मला विचारलं, तुमचं पोट? सांगितलं. घशातून नळी घातली, ती तुझ्या शत्रूलाही नको. आत जखम आहे. सगुणाच्या पलीकडच्या पलंगावर ठेवलंय. बाकीच्या चौघींनाही गाडी पाठवून आणलं, त्यांच्या बाटल्या काढून घेतल्या. लताबाई जाताना मला म्हणाली, "मुकादमीण, आता माझा जिना तू चढ." बाकीच्या माझ्या पलंगाला वळसा घालून गेल्या. ते जास्त झोंबलं.

राकेश आला होता, सगळं लिहून घ्यायला. मॅडमनी बसवलं त्याला. दोनदा चुकला, दोनदा खोडायला लावलं.

आजी

•

पुणे
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय आजी,

हॉस्पिटलकडून आलेलं पत्र मामीने मला वाचून दाखवलं. तुला त्यातलं काही कळलं नाही असं ती म्हणाली, म्हणून सांगते.

तुमचं सगळं सुरक्षा समितीसमोर गेलं. तिने नव्या बायका घेणं थांबवलं आहे. जिथे जिथे ती गोळी चालू होती तिथे ती बंद ठेवून प्रत्येकीचं पोट तपासायला सांगितलं आहे. दुसऱ्या गावांत दोघीतिघी अशा निघाल्या, ज्यांनी पोटाची तक्रार कोणाला सांगितलीच नव्हती. त्या वेळेत सापडल्या.

तुम्हा सहाजणींचं असं ठरलं. या गोळीने आराम पडतो का, या हिशेबात तुम्हाला धरणार नाहीत. या गोळीने इजा होते का, या हिशेबात तुम्ही आहात, आणि सगुणा आजीचं रक्त आता औषधाच्या बाजूला मांडलं आहे.

मी कडक लिहिलं होतं. परत घेत नाही. पण तू गेलीस हे मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं.

हर्षाली

•

चिंचवाडी
८ डिसेंबर २०२४

हर्षाली,

म्हणजे आमचा आराम खोडला आणि रक्त ठेवलं. तुझी समिती एकदाची शहाणी निघाली म्हणायची. आमचा आराम आजवर कोणी कुठे मांडला नव्हता, त्यामुळे गेल्याचं काही वाटत नाही. रक्त मात्र पहिल्यांदा कोणीतरी योग्य जागी लिहिलं. हे मी तुझ्या धंद्याचं कौतुक करत नाही. न येणारी माणसं ती न येणारीच. पण ऐकतात, एवढं कळलं. सांगावं लागतं मात्र आपल्याच तोंडाने.

गोळी बंद, गुडघा आपल्या जागी परत आलाय. टोळीतल्या बायका रस्त्यात दिसल्या की पलीकडच्या कडेने जातात. जाऊ देत. वय झालं तशी त्यांना जास्त चालायला पाहिजेच होतं.

सगुणा घरी आल्याचं कळलं. दोन आठवडे मी गेले नाही. रोहिणी रोज माझ्या चपला दारात तोंड बाहेर करून ठेवायची, मी त्या परत आत करायचे. काल गेले. ती ओसरीत खाटेवर बसली होती, शेखरची बायको तिची वेणी घालत होती. केस अर्धे राहिलेत. मी उंबऱ्यातच उभी राहिले.

सगुणा म्हणाली, "तू जाऊन सांगितलं, म्हनून मी वाचले, असं समदी म्हनत्यात."

मी म्हटलं, "आणि टोळीतून जा म्हणून मीच तुला खायला लावली, असं नाही म्हणत का?"

"ते मी म्हनते," ती म्हणाली. "रोज म्हनते. येनाऱ्याजानाऱ्याला सांगते."

मग खाटेवर जराशी सरकली आणि सुनेला म्हणाली, तू आत जा.

मी बसले. पुढे ती जे बोलली ते रोहिणीला लिहायला लावण्यासारखं नाही. बराच वेळ बोलत होती. त्यात खोटं काही नव्हतं.

आजी